टीना ब्रुक्स: ध्वनिमुद्रिका चार, हयातीत निघाली एक

मंद्रसप्तक
जॅझ ऐकणाऱ्या सभासदांपुढे एक प्रश्न ठेवतो. टेनर सॅक्सोफोन म्हटले की आपल्याकडे जॉन कोल्ट्रेन आणि सनी रॉलिन्स ही दोन नावे चटकन तोंडी येतात, थोडे अधिक ऐकणारा डेक्स्टर गॉर्डनपर्यंत पोहोचतो आणि बहुतेकांची यादी तिथे संपते. मला बोलायचे आहे ते टीना ब्रुक्सविषयी. पाळण्यातले नाव हॅरल्ड फ्लॉइड ब्रुक्स, जन्म ७ जून १९३२ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिल येथे. लहानपणी चण बारीक म्हणून त्याला ‘टीनी’ म्हणत, त्याचे पुढे ‘टीना’ झाले आणि तेच नाव तबकड्यांवर गेले.

ब्लू नोट कंपनीने त्याच्या नावाने चार ध्वनिमुद्रिकांचे संगीत मुद्रित केले: मार्च १९५८ मध्ये ‘मायनर मूव्ह’, जून १९६० मध्ये ‘ट्रू ब्लू’, त्याच वर्षीच्या सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये मिळून ‘बॅक टू द ट्रॅक्स’ आणि मार्च १९६१ मध्ये ‘द वेटिंग गेम’. यांपैकी त्याच्या हयातीत बाजारात आली ती एकटी ‘ट्रू ब्लू’. १९६१ नंतर तो स्टुडिओत दिसत नाही आणि १३ ऑगस्ट १९७४ रोजी वयाच्या ४२व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले.

माझे मत असे आहे की पाच वादकांच्या छोट्या संचात त्या काळी जे जे वाजवले गेले, त्यातल्या उत्तमाशेजारी ‘बॅक टू द ट्रॅक्स’ निःसंकोच ठेवावी. मात्र हे लिहिताना मनात एक शंकाही येते. आपण दाद देतो ती त्याच्या वादनाला, की ‘न निघालेल्या तीन ध्वनिमुद्रिका’ या करुण कहाणीला? ज्यांनी या चारही ऐकल्या आहेत त्यांनी प्रामाणिकपणे सांगावे.

फिरती_तबकडी
धागा काढल्याबद्दल आभार. कहाणीच सांगायची तर ती जून १९६० च्या एका आठवड्यापासून सांगावी लागेल. १९ जूनला फ्रेडी हबर्ड या बावीस वर्षांच्या ट्रम्पेटवादकाची पहिली ध्वनिमुद्रिका ‘ओपन सेसमी’ मुद्रित झाली. तिच्यात टेनर ब्रुक्सचा आहे. एवढेच नव्हे, तर शीर्षकाची रचना आणि ‘जिप्सी ब्लू’ या दोन्ही चाली ब्रुक्सच्याच आहेत. त्यानंतर सहाच दिवसांनी, २५ जूनला, ‘ट्रू ब्लू’ मुद्रित झाली आणि तिच्यात ट्रम्पेटवर हबर्ड आहे. कंपनीच्या यादीत एकीचा क्रमांक ४०४०, दुसरीचा ४०४१. दोन शेजारणी, जवळपास एकाच तालमीतून उठलेल्या. पैकी हबर्ड पुढची काही दशके गाजला आणि ब्रुक्सचे नाव ‘हबर्डच्या पहिल्या तबकडीतला तो टेनरवाला’ एवढेच उरले.

म्हणून नवख्या माणसाला मी ‘ट्रू ब्लू’ आधी देत नाही. आधी ‘ओपन सेसमी’ देतो आणि ती संपताच ‘ट्रू ब्लू’ लावायला सांगतो. पहिलीत पियानोवर मॅकॉय टायनर आहे, तेव्हा एकवीस वर्षांचा. दुसरीत ड्यूक जॉर्डन, जो चार्ली पार्करबरोबर वाजवून मुरलेला होता. बेसवर सॅम जोन्स दोन्हीकडे आहे. पियानोवाला बदलला की तोच ट्रम्पेट आणि तोच टेनर किती वेगळे बोलू लागतात, हे ऐकण्यासारखे आहे.

चहा_बिनसाखरेचा
शीर्षक वाचून मी एखाद्या विस्मृतीत गेलेल्या गायिकेची ओळख होईल या आशेने आलो होतो. आलोच आहे तर बसतो.

रोखठोक_रसिक
मी विरोधी बाकावरून बोलतो. ब्रुक्स चांगला होता याबद्दल वाद नाही. पण ‘उपेक्षित’ हा शिक्का एकदा बसला की त्याच्यामागे चुका लपतात. हँक मोब्लीला समीक्षक लेनर्ड फेदर यांनी टेनर सॅक्सोफोनचा ‘मिडलवेट चॅम्पियन’ म्हटले, म्हणजे कोल्ट्रेनइतका वजनदार नव्हे आणि स्टॅन गेट्झइतका हलकाही नव्हे. ब्रुक्सही त्याच वजनगटातला. त्या गटात मोब्लीची ‘सोल स्टेशन’ ही ध्वनिमुद्रिका आहे, तिच्यात मोब्ली केवळ पियानो, बेस आणि ड्रम यांच्या साथीने वाजवतो, दडायला दुसरे वाद्यच नाही आणि तरीही एकही वाक्य अडखळत नाही. ब्रुक्सच्या चारही मुद्रणांत शेजारी ट्रम्पेट आहेच. माझ्या कानाला तर जलद लयीत त्याचा स्वर कधीकधी घाईने चिरकतो.

दुसरे असे की तीन ध्वनिमुद्रिका कपाटात राहिल्या यात त्याच्यावर विशेष अन्याय झाला असे समजू नये. ब्लू नोट विकू शकत होती त्याहून कितीतरी जास्त मुद्रित करत असे. मोब्लीची ‘अनदर वर्कआउट’ डिसेंबर १९६१ ची. ती १९८५ मध्ये बाहेर आली. गिटारवादक ग्रँट ग्रीनने पियानोवादक सनी क्लार्कबरोबर वाजवलेले उत्कृष्ट संगीतही कित्येक वर्षे रिळांतच पडून होते. त्यांच्याविषयी आपण गळा काढत नाही, कारण त्यांच्या इतर तबकड्या आपल्याला मिळाल्या.

मंद्रसप्तक
शेवटच्या वाक्यातच तुमच्या मुद्द्याचे उत्तर आहे. मोब्लीची एक ध्वनिमुद्रिका राहिली तरी वीसेक उरतात. ब्रुक्सच्या चारपैकी तीन राहिल्या. कंपनीची सवय एकच असली तरी तिचा फटका दोघांना सारखा बसत नाही.

सुरांचा_हिशेब
‘चिरकतो’ या शब्दाशी मी असहमत आहे, तरी रोखठोक यांनी बोट योग्य जागी ठेवले आहे. ब्रुक्स पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला सनी थॉम्प्सन, चार्ल्स ब्राउन, एमॉस मिलबर्न अशा ऱ्हिदम अँड ब्लूज संचांत वाजवत होता आणि १९५५ मध्ये लायोनेल हॅम्प्टनच्या मोठ्या वाद्यवृंदात होता. त्या शाळेत टेनरवाल्याने हाक मारल्यासारखे वाजवायचे असते. ती हाक त्याच्या स्वरात राहिली, पण वाक्यरचना मात्र लेस्टर यंगच्या वळणाची, म्हणजे तिरकी आणि ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळणारी. हाक आणि रेंगाळणे एकाच वाद्यातून येते, त्यामुळे कधी स्वर फाटल्यासारखा वाटतो. मला तो दोष वाटत नाही.

‘ट्रू ब्लू’वरील ‘गुड ओल्ड सोल’ ऐका. रचना मायनरमधली, लय मध्यम. तो एक छोटा तुकडा घेतो, तो पुन्हा म्हणतो, तिसऱ्यांदा त्याचे शेपूट लांबवतो आणि चौथ्यांदा ते शेपूटच नवे तोंड होते. मी तर याला बढत म्हणेन. विलंबित ख्यालात एकेका स्वराने आवर्तन भरत नेणारा गायक मला तिथे आठवतो.

बत्तीस_पट्ट्या
या बाबतीत थोडी कळ काढावी, अशी विनंती आहे. आपल्याकडे जॅझवर लिहिताना बढत, सम, आवर्तन हे शब्द फार सहज वापरले जातात आणि त्यामुळे मूळ गोष्ट निसटते. रागात षड्ज जागचा हलत नाही. गायक जे काही बांधतो ते त्या एका स्थिर पायावर. जॅझमधल्या नेहमीच्या चालीत बत्तीस पट्ट्यांचा, म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रांचा एक फेरा असतो आणि त्या फेऱ्यात खालचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, सतत बदलत असतात. वादकाचा पाय सरकत्या जिन्यावर असतो. म्हणून ब्रुक्सने एखादा तुकडा चार वेळा फिरवला तर प्रत्येक वेळी त्याच स्वराचा खालच्या कॉर्डशी संबंध वेगळा असतो. खरी करामत ती आहे, आणि ‘बढत’ म्हटल्यावर नेमकी तीच ऐकायची राहते.

‘मायनर मूव्ह’वरील ‘द वे यू लुक टुनाइट’ हे याचे चांगले उदाहरण आहे. चाल जेरोम कर्न यांची, १९३६ ची, मुळात प्रेमगीत. इथे ती भरधाव वेगात आहे आणि मधला भाग अचानक दूरच्या सुरावटीत जातो. तिथे ब्रुक्स अडखळत नाही, उलट त्या वळणावरच त्याचे सर्वांत लांब वाक्य येते. अडखळण्याचा आरोप करण्यापूर्वी रोखठोक यांनी एवढे एक ऐकावे.

सुरांचा_हिशेब
सरकता जिना मान्य. तरीही बढत हा शब्द मी मागे घेत नाही, कारण मी स्वरांविषयी बोललो नव्हतो, धीराविषयी बोललो होतो. वीस-बावीस वर्षांचा हबर्ड शेजारी फटाके लावत असताना हा माणूस घाई करत नाही.

जर्सीकर
मी न्यू जर्सीत राहतो आणि इंगलवूड क्लिफ्समधल्या त्या प्रसिद्ध स्टुडिओवरून अनेकदा गेलो आहे, म्हणून ध्वनीविषयी थोडे लिहितो. या चार मुद्रणांपैकी ‘मायनर मूव्ह’ एकटीच हॅकन्सॅकची आहे. तिथे रूडी व्हॅन गेल्डर आपल्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात मुद्रण करत असत. पोटापाण्यासाठी ते डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढत आणि उरलेल्या वेळात हे. १९५९ मध्ये त्यांनी इंगलवूड क्लिफ्सला उंच लाकडी छताचा, देवळाच्या सभामंडपासारखा स्टुडिओ बांधला आणि पुढची तिन्ही मुद्रणे तिथली आहेत.

हा फरक कानांना कळतो. ‘मायनर मूव्ह’मध्ये आर्ट ब्लेकीचे ड्रम अगदी गुडघ्याला टेकल्यासारखे वाजतात आणि ली मॉर्गनचा ट्रम्पेट भिंतीवर आपटून परत येतो. ‘ट्रू ब्लू’मध्ये प्रत्येक वाद्याभोवती हवा आहे. ब्रुक्सचा स्वर मुळात फार जाड नाही. त्याला ही मोकळी जागा मानवते, असे माझे निरीक्षण आहे. कदाचित म्हणूनच मला ‘मायनर मूव्ह’मध्ये तो चांगला वाटतो आणि ‘ट्रू ब्लू’मध्ये तो स्वतःच्या घरी आल्यासारखा वाटतो.

पणजीचा_पाऊस
थोडे विषयांतर होईल, क्षमस्व. उपेक्षित टेनरवाल्यांचीच गोष्ट चालली असेल तर आमच्या पॉल गोन्साल्विसला का विसरता?

फिरती_तबकडी
पॉल गोन्साल्विस ‘तुमचे’ नव्हेत! त्यांचे आईवडील केप व्हर्दे बेटांवरचे. पोर्तुगीजांनी आडनावे दोन्हीकडे सारखीच वाटली, एवढाच संबंध. १९५६ मध्ये न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात त्यांनी सलग सत्तावीस फेरे वाजवले ते प्रसिद्धच आहे, आणि १९६३ मध्ये एलिंग्टनबरोबर ते मुंबईतही येऊन गेले. गोव्याचे नाव हवेच असेल तर ब्राझ गोन्साल्विस यांच्यावर जरूर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

पणजीचा_पाऊस
आडनावावरून हक्क सांगण्याची आमची जुनी खोड आहे. धागा काढतो.

जुनी_कव्हरे
‘बॅक टू द ट्रॅक्स’च्या वाट्याला आलेला प्रकार अजून कोणी सांगितला नाही, म्हणून लिहितो. तिला ४०५२ हा क्रमांक मिळाला होता, मुखपृष्ठ तयार झाले होते आणि कंपनीच्या इतर तबकड्यांच्या आतल्या कागदी पाकिटांवर जी चित्रमय जाहिरात छापत, तिच्यात हे मुखपृष्ठही छापले गेले. तबकडी मात्र निघालीच नाही. परिणामी पुढे कित्येक वर्षे संग्राहक दुकानादुकानांतून अशा वस्तूचा शोध घेत राहिले, जिचे चित्र त्यांच्या हातात होते आणि जी जगात अस्तित्वातच नव्हती. लग्नपत्रिका वाटून झाल्यावर लग्नच लागू नये, तसा हा प्रकार.

पुढे निर्माते मायकल कस्कुना यांनी ब्लू नोटच्या कपाटांतली रिळे काढून ऐकायला सुरुवात केली. ‘मायनर मूव्ह’ १९८० मध्ये जपानमध्ये निघाली आणि १९८५ मध्ये मोझेइक कंपनीने चारही मुद्रणे चार तबकड्यांच्या एका पेटीत आणली. ब्रुक्स जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. माझ्याकडे ती पेटी नाही. एका संग्राहक परिचिताकडे आहे आणि ते ती इतरांना फक्त लांबून दाखवतात.

मीमांसक
न निघण्याचे कारण काय, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ब्लू नोटचे आल्फ्रेड लायन मुद्रणापूर्वीच्या तालमींचेही वादकांना पैसे देत, जे त्या काळात इतर छोट्या कंपन्या सहसा करत नसत. म्हणजे ब्रुक्सवर त्यांनी चार वेळा पैसे घातले. न आवडणाऱ्या वादकावर कोणी चार वेळा पैसे घालत नाही. आपल्या यादीतल्या इतर वादकांच्या संचांतही त्यांनी त्याला वारंवार बसवले: जिमी स्मिथ, केनी बरेल, फ्रेडी रेड, जॅकी मॅक्लीन. पण तबकडी काढायची म्हणजे ती विकण्यासाठी वादकाने क्लबांतून स्वतःचा संच घेऊन फिरावे लागते, गावोगावच्या रेडिओवाल्यांच्या तोंडी त्याचे नाव असावे लागते. ब्रुक्सपाशी स्वतःचा फिरता संच नव्हता, आणि हेरॉइनचे व्यसन होते.

‘द कनेक्शन’ या नाटकाचेच पाहा. न्यूयॉर्कच्या लिव्हिंग थिएटरमधले हे नाटक हेरॉइनची वाट पाहत बसलेल्या वादकांविषयी आहे आणि रंगमंचावर खरे वादक खरे संगीत वाजवत. त्यात जॅकी मॅक्लीन काम करत होता आणि ब्रुक्स त्याचा बदली वादक होता. जे आयुष्य तो जगत होता तेच रंगमंचावर, आणि तिथेही दुसऱ्याच्या जागी.

अंजनीताई
मीमांसक यांच्या शेवटच्या वाक्याला मी थांबवते. वाक्य सुंदर आहे आणि नेमकी तीच अडचण आहे. व्यसनाने गेलेल्या कलावंताविषयी लिहिताना आपली लेखणी आपोआप ओली होते आणि मग त्याच्या प्रत्येक मायनर स्वरात आपल्याला त्याचे मरण ऐकू येऊ लागते. १९६० च्या जूनमध्ये हा अठ्ठावीस वर्षांचा माणूस भरपूर कामात होता. तो ‘थीम फॉर डोरिस’ लिहीत होता, जिच्यात लॅटिन ठेका आहे आणि जी ऐकताना पाय हलतो. ‘मिस हेझल’ही तशीच चपळ आहे. या माणसाला आपण कधी हसऱ्या चेहऱ्याने ऐकणार आहोत की नाही? मंद्रसप्तक यांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे की होय, आपण बऱ्याच प्रमाणात कहाणीलाच दाद देतो, आणि त्यात नुकसान त्याच्या चालींचे होते. मला तो वादकापेक्षाही रचनाकार म्हणून मोठा वाटतो. मॅक्लीनच्या ‘जॅकीज बॅग’वरील ‘आइल ऑफ जावा’ ही चाल ब्रुक्सची आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

रोखठोक_रसिक
मला ठाऊक नव्हते. ती चाल मी अनेक वर्षे मॅक्लीनची समजून गुणगुणत आलो आहे. हा प्रतिसाद चार वेळा वाचला.

चहा_बिनसाखरेचा
बसलो होतो तो उठलोच नाही. ‘द वेटिंग गेम’च्या यादीत ‘ध्याना’ नावाची रचना दिसली. हे आपले ‘ध्यान’ आहे काय?

बत्तीस_पट्ट्या
रोमन लिपीतले स्पेलिंग तेच आहे आणि शब्द तोच असावा. पण शीर्षकावरून ‘ब्रुक्सवर भारतीय संगीताचा प्रभाव’ असा लेख कोणी लिहायला घेऊ नये. रचना सरळ हार्ड बॉपची, म्हणजे त्या काळच्या ब्लूजकडे झुकलेल्या जॅझ शैलीची आहे, तिच्यात तंबोरा शोधून सापडणार नाही. त्याच ध्वनिमुद्रिकेवर ‘स्ट्रेंजर इन पॅरडाइज’ आहे, जिची चाल बोरोदिन या रशियन संगीतकाराची. म्हणून ब्रुक्स काही रशियन ठरत नाही.

या ध्वनिमुद्रिकेत ट्रम्पेटवर जॉनी कोल्स आहे. हबर्ड आणि मॉर्गन यांच्या मानाने हा फार कमी बोलणारा वादक. मला तर ब्रुक्सला मिळालेला सर्वांत योग्य शेजारी हाच वाटतो.

मंद्रसप्तक
दोन आठवड्यांनी परत येत आहे. अंजनीताईंच्या प्रतिसादानंतर मी घरीच एक प्रयोग केला. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, तिला जॅझशी काही देणेघेणे नाही आणि ब्रुक्सचे नावही तिने ऐकलेले नाही. तिला काहीही न सांगता ‘बॅक टू द ट्रॅक्स’वरील ‘स्ट्रीट सिंगर’ ऐकवली. हे मुद्रण १ सप्टेंबर १९६० चे, ‘जॅकीज बॅग’चा अर्धा भाग ज्या दिवशी झाला त्याच दिवसाचे, आणि म्हणून त्यात ट्रम्पेटवर ब्लू मिचेल, टेनरवर ब्रुक्स आणि आल्टो सॅक्सोफोनवर मॅक्लीन असे तिघे आहेत. माझी मनोमन खात्री होती की ती टेनरविषयी विचारील.

तिने विचारले, “तो लिंबासारखा आंबट आवाजाचा कोण आहे?” म्हणजे मॅक्लीन. ब्रुक्सविषयी ती म्हणाली, “तो दुसरा चांगला आहे, पण मला तो शेवटी शेवटी आवडला.” मी तिला शेवटी शेवटी म्हणजे काय ते विचारले, तर तिला नीट सांगता येईना. मग तिने स्वतःच तो भाग पुन्हा लावला, आणि नंतर आणखी एकदा.

माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला मिळाले असे समजतो. कहाणी काढून घेतली तर ब्रुक्स पहिल्या ऐकण्यात जिंकत नाही. तिसऱ्या ऐकण्यात त्याचे काहीतरी होते. जो वादक तिसऱ्या ऐकण्यात सापडतो, त्याची हयातीत एकच तबकडी निघणे हे त्याला इतरांपेक्षा जास्त महाग पडले असावे.

रोखठोक_रसिक
मुलीला माझ्यातर्फे एक चॉकलेट द्यावे, तिचे कान शाबूत आहेत. सांगितल्याप्रमाणे ‘द वे यू लुक टुनाइट’ मी ऐकली, पाच वेळा. मधल्या वळणावरचे ते लांब वाक्य मोब्लीने वाजवले नसते, एवढे लिहून देतो. ‘सोल स्टेशन’ तरीही वरच.

जुनी_कव्हरे
ज्यांना एवढ्यावरून सुरुवात करावीशी वाटते त्यांच्यासाठी: जिमी स्मिथची ‘द सर्मन’ ही फेब्रुवारी १९५८ ची, वीस मिनिटांची रचना आधी ऐकावी. ऑर्गन, गिटार, मॉर्गनचा ट्रम्पेट, लू डोनल्डसनचा आल्टो, ब्लेकीचे ड्रम आणि त्यांच्या रांगेत ब्रुक्स. एकच संथ ब्लूज, सगळ्यांना सारखीच जागा. ‘मायनर मूव्ह’ त्यानंतर तीनच आठवड्यांनी मुद्रित झाली.

चहा_बिनसाखरेचा
लावली आहे. अजून टेनर आलेला नाही. मध्ये कोणी बोलू नये.